चौकातला प्रमाद



पाणी गाळून घेणं, धान्य निवडताना कीड दिसली तर अलगद बाजूला ठेवणं, वाटेत मुंग्यांची रांग दिसली की पाय आवरणं, हे आपल्या घरातल्या लहान मुलींनाही सांगावं लागत नाही. आज मला लिहायचंय ते मात्र मुंगीबद्दल नाही. पायी रस्ता ओलांडणाऱ्या माणसाबद्दल आहे.

आमच्या मंदिराच्या वाटेवरच्या चौकात पायी चालणाऱ्यांचा हिरवा दिवा पहिल्या पावसापासून बंद आहे. लाल दिवा तेवढा अखंड पेटलेला. म्हणजे नियम पाळायचा ठरवला तर मंदिरात कधी पोचायचंच नाही! मग अभिषेकाला निघालेल्या बायका द्रव्याची डबी छातीशी धरून, गाड्यांचा अंदाज घेत पळतात. पर्युषण तोंडावर आलंय. कुणाचं एकाशन असेल, कुणाचे दहा उपवास. आठव्या उपवासाला पायात किती बळ उरतं, ते आपल्याला माहीत आहे.

जिथे दिवा चालू असतो, तिथेही हिशेब नीट असतोच असं नाही. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असं धरतात. २४ मीटर रुंद रस्ता त्या वेगाने २० सेकंदांत पार होतो. पण गुडघे धरलेल्या आजी सेकंदाला ०.८ मीटर चालल्या, तर त्यांना ३० सेकंद लागतात. त्या मधल्या १० सेकंदांत आजी रस्त्यात आणि गाड्या सुटलेल्या. मध्ये थांबायला धड दुभाजक नसेल तर त्यांनी जायचं कुठे?

पिवळ्या दिव्याचंही असंच. रात्री उशिरा आणि पहाटे बरेच सिग्नल नुसते पिवळे लुकलुकत असतात. त्याचा अर्थ आहे, वेग कमी करा, बघा आणि मग जा. प्रत्यक्षात गाडीवाले तो ‘मोकळा रस्ता’ असाच वाचतात. भर दिवसा पिवळा लुकलुकताना दिसला, तर बहुधा यंत्रात बिघाड असतो. दोन बाजूंना एकदम हिरवा लागण्याचा धोका दिसला की नियंत्रण पेटी स्वतःच लुकलुकण्यावर जाते. म्हणजे यंत्र आपल्या परीने सावध झालेलं असतं, ऐकणारं माणूसच नसतं.

असा एखादा अपघात झाला की आपल्यात लगेच म्हणतात, ‘त्याचं आयुष्यच तेवढं होतं, कर्माचा उदय.’ मला हे पटत नाही. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादावर बोट ठेवलं आहे. बेसावधपणाने, बेफिकिरीने प्राण जाणं, ही हिंसा. महिनोन्महिने बंद असलेला दिवा हा प्रमादच आहे. तो रोज बघून पुढे जाणाऱ्या आपल्या सगळ्यांकडेही त्याचा थोडा वाटा येतो. ज्याचा जीव गेला त्याच्या कर्माचा हिशेब मांडण्याचा अधिकार आपल्याला नाही, आपल्या प्रमादाचा मात्र आहे.

२०२२ साली देशात ३२,८२५ पादचारी रस्त्यांवर मरण पावले. दिवसाला जवळजवळ ९०. आपले मुनी आणि आर्यिका माताजी आयुष्यभर पायीच चालतात, चार हात पुढची जमीन पाहून. त्यांची ईर्या समिती कितीही निर्दोष असली तरी मागून येणाऱ्या ट्रकचा ब्रेक तिच्या हातात नसतो. विहाराच्या दिवशी आपले तरुण दोर धरून वाहतूक थांबवतात. फार चांगलं करतात. पण दुसऱ्या दिवशी त्याच चौकातून आजी जातात, भाजीवाली जाते, शाळेतली मुलं जातात. त्यांच्यासाठी कोण दोर धरणार? तो दोर म्हणजेच सिग्नल.

आता करायचं काय? बहुतेक शहरांत दिव्यांची दुरुस्ती महापालिकेच्या विद्युत विभागाकडे असते आणि सिग्नल चालवणं वाहतूक पोलिसांकडे. त्यामुळे तक्रार एकाच ठिकाणी दिली की ‘ते आमच्याकडे नाही’ हे उत्तर ठरलेलं. दोन्हीकडे द्यायची, लेखी द्यायची, पोच घ्यायची. ‘सिग्नल बिघडलाय’ एवढंच लिहू नका. कोणता चौक, कोणत्या बाजूचा खांब, कोणता दिवा, किती दिवसांपासून, हे लिहा. वेळ कमी पडत असेल तर हिरवा दिवा किती सेकंद राहतो ते मोजा आणि आकडा लिहा. दिवा झाडाच्या फांदीआड गेला असेल तर फोटो जोडा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १९८अ हे कलम आलं आहे. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांनुसार न केल्यामुळे कुणी दगावलं किंवा अपंग झालं, तर जबाबदार यंत्रणेला १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अर्जात ते नम्रपणे नमूद करायला हरकत नाही.

पुणे महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन करते, लक्ष्मी रस्त्याचा काही भाग त्या दिवशी गाड्यांना बंद असतो. छान आहे. पण चालणाऱ्याला उरलेले ३६४ दिवसही चालायचंच असतं.

आणि हो, घरातल्या गाडी चालवणाऱ्यांशीही बोला. सूर्यास्ताआधी जेवायला पोचायचं म्हणून झेब्रा पट्ट्यावर गाडी घालणारा श्रावक नेमकं कोणतं व्रत पाळतो?

आमच्या महिला मंडळाने ठरवलंय की पर्युषणाआधी मंदिराभोवतीचे चारही चौक घड्याळ लावून तपासायचे. दोघी-दोघींच्या जोड्या, एक वही, एक पेन. वाचन-स्वाध्याय संपला की अर्ध्या तासाचं काम आहे. तुमच्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय जरूर घ्या.