बॉयलरची तपासणी होते, माणसाची?

उष्माघात म्हटला की आपल्याला दुपारचे ऊन आठवते. गेल्या उन्हाळ्यात मात्र सुप्याच्या एमआयडीसीतला एक कामगार रात्री अकरा वाजता आमच्या सरकारी रुग्णालयात आला. ताप 105 अंश फॅरनहाइट, बोलणे असंबद्ध. सोबतचा म्हणाला, “साहेब, रात्रीचं कुठलं ऊन?” वाफेच्या नळ्यांशेजारी त्याचे काम होते आणि खोलीत हवा खेळती नव्हती. अंग ओले करून पंख्याखाली ठेवले, बर्फ लावला; वाचला. सोबत्याच्या प्रश्नाचे उत्तर वाफेच्या इंजिनाच्या इतिहासात आहे.

या इतिहासात डॉक्टर बरेच आहेत, आम्हाला कॉलेजात कुणी सांगितले नाही. 1679 मध्ये प्रेशर कुकरचा पूर्वज दाखवणारा डेनिस पापँ वैद्यक शिकलेला होता. सेफ्टी व्हॉल्व्हही त्याचाच. अप्रकट उष्मा शोधणारा जोसेफ ब्लॅक ग्लासगोत वैद्यकाचा प्राध्यापक होता आणि इंजिन सुधारणारा जेम्स वॅट त्याचा मित्र. एक ग्रॅम पाणी शून्यापासून उकळीपर्यंत न्यायला 100 कॅलरी लागतात. त्या उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी 540. वाफेचा चटका म्हणूनच पाण्याहून वाईट.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो रॉबर्ट मायर. 1840 मध्ये हा तरुण जर्मन डॉक्टर जहाजावरून जावाला गेला. तेव्हाच्या रीतीप्रमाणे खलाशांच्या शिरेतून रक्त काढले, तर ते इतके लालभडक की चुकून धमनी कापली असे त्याला वाटले. त्याने ताडले, की उष्ण प्रदेशात अंग गरम ठेवायला शरीराला कमी जाळावे लागते, म्हणून रक्तात प्राणवायू जास्त उरतो. तिथून तो उष्णता आणि काम ही एकाच ऊर्जेची रूपे आहेत या विचारापर्यंत पोचला. 1842 मध्ये त्याने ते छापले. भौतिकशास्त्रज्ञांनी बरीच वर्षे दुर्लक्ष केले. डॉक्टरचे कोण ऐकतो!

सगळ्या उष्णतेचे काम होत नाही, ही गोष्ट सादी कार्नोच्या 1824 च्या पुस्तकातून पुढे आली. 1853 मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या गाडीची साहिब, सिंध, सुलतान ही इंजिने कोळशाची बहुतेक उष्णता हवेतच सोडत होती. आपले स्नायू बरे, पण तेही जेमतेम पाव भागाचेच काम करतात. उरलेली उष्णता घामावाटे जाते: एक लिटर घाम वाळला तर सुमारे 580 किलोकॅलरी घेऊन जातो. वाळला तर. पारनेरच्या कोरड्या हवेत तो वाळतो. वाफेने भरलेल्या खोलीत नुसता ओघळतो आणि माणूस आतून तापत राहतो.

बॉयलरसाठी 1923 पासून देशात कायदा आहे. ठरावीक मुदतीने तपासणी होते, दाबाचा काटा असतो, सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. शेजारी उभ्या माणसासाठीही एवढी शिस्त हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. खोलीत ओल्या कापडाच्या फुग्याचा थर्मामीटर लावायला फार खर्च येत नाही. नव्या कामगाराला पहिले आठ-दहा दिवस कमी वेळ उष्णतेत ठेवावे; पाणी आणि दर तासाला थंड जागी विसावा द्यावा. कुणी बरळू लागला तर पाणी पाजत बसू नका, अंगावर ओता, वारा घाला, 108 ला फोन करा.

तो कामगार घरी जाताना मी विचारले, “तिथं थर्मामीटर आहे का?”

“आहे की साहेब. बॉयलरला.”