डोंगराच्या पोटातला नकाशा

लोणावळा म्हटले की सामान्य माणसाला चिक्की, धुके आणि पाऊस आठवतो. भूशास्त्राच्या अभ्यासकांना मात्र या नावाने खडकांचा एक गट आठवतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार घडले. त्या थरांची जी वर्गवारी आज प्रमाण मानली जाते, तिच्यातील एका उपगटाला लोणावळ्याचे आणि त्यातील एका शैलसमूहाला खंडाळ्याचे नाव दिलेले आहे. जगभरच्या ग्रंथांत मावळची ही गावे अशी पोहोचली आहेत. परंतु ज्या डोंगराने हे नाव मिळवून दिले, त्याच्या पोटात काय आहे हे त्याच्या पायथ्याशी राहणाऱ्याला ठाऊक नाही. पावसाळा आला की या अज्ञानाची किंमत मोजावी लागते.

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. २०१५ च्या जुलैत द्रुतगती महामार्गावर आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळून प्रवाशांचे प्राण गेले. २०२१ मध्ये महाडजवळचे तळिये आणि २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी यांचीही तीच गत झाली. प्रत्येक वेळी अतिवृष्टीला दोष दिला गेला. पाऊस हे निमित्त खरेच. परंतु लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तरीही बहुतेक डोंगर आपल्या जागी उभे आहेत. म्हणजे कोणता उतार टिकेल आणि कोणता खचेल, याचे उत्तर आकाशात शोधून भागणार नाही. ते डोंगराच्या अंतरंगातही शोधले पाहिजे.

ते अंतरंग दाखवणाऱ्या चित्राला भूशास्त्रीय छेद म्हणतात. सुरीने केक कापावा तसा डोंगर उभा कापला, तर आत कोणते थर कोणत्या क्रमाने दिसतील, याचे ते मोजमापासह काढलेले चित्र होय. मावळात असा छेद काढला तर घट्ट काळ्या कातळाचे थर, पोकळ्यांनी भरलेल्या मऊ खडकाचे थर आणि काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये लाल मातीचा पट्टा दिसतो. कातळाच्या भेगांतून पाणी झिरपते. खालची लाल माती भिजून मऊ होते, वरच्या कातळाचा आधार सुटतो आणि कापलेल्या कड्यावरून धोंडे निखळतात. माळीणसारख्या ठिकाणी प्रकार निराळा असतो. तेथे कातळावर साचलेले माती-मुरुमाचे जाड आवरणच पाण्याने जड होऊन घसरते. दोन्ही धोके निराळे, त्यांवरचे उपायही निराळे; आणि हा भेद वरून पाहून कळत नाही, छेदातच कळतो.

पूर्वी असा छेद काढणे तज्ज्ञांचेच काम होते. समोच्च रेषांचा नकाशा मिळवायचा, त्यावर रेघ आखायची आणि एकेक उंची आलेख-कागदावर उतरवायची. आज हे काम क्यूजीआयएस ही विनामूल्य संगणक प्रणाली काही मिनिटांत करते. उंचीचा छेद काढण्याची सोय २०२२ पासून तिच्यात मुळातच आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नकाशे ‘भूकोश’वर मिळतात, तर २००५ मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-१ या आपल्या उपग्रहाने टिपलेल्या उंचीच्या नोंदी इस्रोच्या ‘भुवन’वर. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र शासनाने नकाशांवरील जुनी बंधनेही मोठ्या प्रमाणात सैल केली. साधनांचा अभाव ही सबब आता उरलेली नाही.

परंतु साधन हाती आले म्हणजे ज्ञान आले, असे मानणे घातक ठरेल. विनामूल्य मिळणाऱ्या उंचीच्या नोंदी बहुधा तीस मीटरच्या चौकोनाला एक अशा असतात. बंगल्यासाठी उतारात घेतलेला पाच-सहा मीटरचा उभा काप त्यांत दिसतच नाही. जगभर सर्वाधिक वापरली जाणारी अशी एक नोंद अमेरिकी अंतराळयानाने फेब्रुवारी २००० मध्ये घेतली आहे. त्यानंतर मावळात जो जो डोंगर कापला गेला, तो त्या नोंदीत अजून शाबूत उभा आहे! अशा नोंदीवरून काढलेला छेद कितीही रंगीत असला, तरी तो नसलेल्या डोंगराचा छेद असतो.

दुसरा धोका प्रमाणाचा. डोंगराची लांबी किलोमीटरमध्ये आणि उंची काही शे मीटर असल्याने चित्रात उंची अनेकदा वाढवून दाखवतात. ती पाचपट वाढवली की तीस अंशांचा उतार सत्तर अंशांहून उभा दिसतो आणि जवळपास सपाट असलेले थर कललेले भासतात. हे प्रमाण छेदावर नोंदवले नाही, तर पाहणारा उगाच घाबरतो किंवा नको तेथे निर्धास्त होतो. तिसरा धोका सर्वांत मोठा. दोन विहिरींच्या मधली जी रेघ संगणक ओढतो, ती पाहिलेली नसते, कल्पिलेली असते. म्हणूनच प्रत्यक्ष पाहिलेला थर सलग रेघेने आणि अनुमानाचा थर तुटक रेघेने दाखवण्याची शिस्त भूशास्त्राने घालून दिली आहे. ती शिस्त संगणकाला नसते, माणसाला असावी लागते.

यावर कोणी म्हणेल, मग हे काम तज्ज्ञांवरच सोडावे. उतारावर बांधकामाला परवानगी द्यावी की नाही, याचा निर्णय तज्ज्ञांचाच हवा, यात शंका नाही. परंतु तज्ज्ञाला लागणारी माहिती गावातच विखुरलेली असते. विहीर खणताना मुरूम किती खोल लागला, कूपनलिकेत कातळ कितव्या फुटावर आला, खाणीच्या भिंतीत लाल पट्टा कोठे आहे, पावसाळ्यात कोणता झरा एकाएकी गढूळ होतो, हे गावकऱ्याइतके कोणाला ठाऊक असणार? महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून विद्यार्थ्यांनी ही माहिती प्रत्यक्ष चालत जाऊन टिपावी. प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली तिचा छेद करावा आणि भूवैज्ञानिकाकडून तपासून तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा. उतार कापण्याची परवानगी मागणाऱ्या प्रत्येकाकडून त्या जागेचा स्वाक्षरीनिशी छेद मागण्याचा नियमही शासनाने करावा. उतार किती तीव्र आहे एवढेच पाहून भागणार नाही, तो कशावर उभा आहे हेही पाहिले पाहिजे.

कार्ले, भाजे आणि बेडसे येथील लेणी ज्यांनी कोरली, त्यांच्याजवळ उपग्रह नव्हते. तरीही त्यांचे काम सुमारे दोन हजार वर्षे याच मावळात, याच पावसात उभे आहे. कातळाशी रोज भिडल्यावाचून असे काम हातून होत नाही. त्यांच्या वंशजांनी डोंगर कापताना यंत्राचा वेग स्वीकारला आणि खडक वाचण्याचा संयम मात्र सोडला. संगणकाच्या साहाय्याने तो संयम पुन्हा शिकता येईल. अट एवढीच, की पडद्यावर रेघ ओढण्यापूर्वी पाय त्या डोंगरावरून फिरून आलेले असावेत.