आधी वाचायला शिका!

मागच्या शनिवारी मर्दानी खेळाच्या वर्गातून लेकीचं नाव काढायला निघालो होतो. तीन महिने झाले, इथे भाईंदरच्या मैदानावर वस्ताद मुलांकडून नुसता पवित्रा आणि काठी अडवणं करून घेतायत. तलवार नाही, दांडपट्टा नाही. पोरगी कंटाळली, आणि खरं सांगायचं तर मीही. सोसायटीच्या शिवजयंतीला व्हिडिओ काढण्यासारखं काहीतरी हवं होतं ना!

वस्ताद एवढंच म्हणाले, "साहेब, आधी वाचायला शिकू दे, मग मारायला."

डोक्यात किडा वळवळायला लागला. जुन्या ढालीवरची चार फुलं आपल्याला नक्षी वाटतात. खरं तर ती मागच्या मुठीच्या कड्या धरून ठेवतात. दांडपट्ट्याचं लांब पातं सगळे बघतात, पण हात शाबूत राहतो तो कोपरापर्यंतच्या खोबळ्यामुळे. माडू तर आणखी भारी. काळविटाची दोन शिंगं विरुद्ध दिशांना तोंड करून जोडलेली, मध्ये मूठ, कधी तिच्यावर छोटीशी ढाल. आधी वार अडवा, संधी मिळाली तर टोचा. तिकडे पॅसिफिकमध्ये सॉलोमन बेटांपैकी माकिरावरचे लोक लांब, वाकड्या लाकडी गदेनेच अंगावर येणारा भाला बाजूला वळवायचे. एकमेकांशी काही संबंध नाही, पण डोकं तेच!

आणि आपण? 2024 मध्ये लंडनहून वाघनखं साताऱ्याला आली, केवढी चर्चा झाली. त्याच वर्षी दांडपट्टा राज्यशस्त्र झाला. आनंदच आहे. पण संग्रहालयात ढालीसमोर कोण थांबतं? आपल्या चौकचा धारावी किल्ला बघा. वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी तो घेतला, गमावला आणि 1739 मध्ये पुन्हा घेतला. घेण्याइतकंच राखणंही अवघड असतं, हे तिथल्या पडक्या भिंतींइतकं कोण सांगणार?

ऑफिसातही तेच. नवीन फीचर गेलं की केक. रात्री बॅकअप तपासणाऱ्याचं नावसुद्धा कुणाला माहीत नसतं. सर्व्हर झोपला की मात्र त्यालाच फोन!

असो. नाव काढलं नाही. शिवजयंतीला लेक फक्त काठी अडवून दाखवणार आहे. टाळ्या कमी पडतील. पडू देत की. उद्या कुणी अंगावर आलं तर तिला टाळ्या नाही, तो पवित्राच उपयोगी पडेल.

बघा, पटतंय का.