टीटीवायचे निष्क्रिय खाते

लिनक्समध्ये आज्ञा टंकायच्या त्या काळ्या खिडकीला आजही ‘टीटीवाय’ म्हणतात. म्हणजे टेलिटाइप, कागदावर खडखडणारे यंत्र! कंट्रोल-सी दाबताच शेलने पुढे केलेला प्रोग्रॅम थांबतो, तो ह्या टीटीवायच्याच मार्फत. ते चालू खाते, राहू द्या. पण त्या यंत्राचा गाडा डावीकडे परतेपर्यंत थांबण्याची सोय ‘एसटीटीवाय’ आज्ञेत अजून कशाला? ‘असू द्या हो, खायला थोडीच मागते?’ म्हणे! मागते की. नव्या पोरांना ती वाचावी लागते, आणि काढायला कुणी धजत नाही. इकडे कारंज्याच्या आमच्या काउंटरवर २ वर्षे व्यवहार नसला, की समोर उभ्या जित्या माणसाचे खाते निष्क्रिय ठरते; आजोबा पुन्हा आधार, फोटो घेऊन रांगेत. टेलिटाइपकडे केवायसी मागितली कुणी?