समोरच्याच्या चाली कोण शोधणार?

जुलै ते सप्टेंबर ताडोब्याच्या कोअरमधली सफारी बंद असते. मोहर्लीतले आम्ही गाईड तेव्हा बफरची फेरी मिळाली तर जातो, नाही तर बुद्धिबळाचा पट मांडतो. २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला. तेव्हापासून इथली पोरं मोबाइलवर मात करण्याची कोडी सोडवायला लागली आहेत. बरं वाटतं. सोडवण्याची तऱ्हा मात्र पटत नाही. शह द्यायचा, चुकला तर दुसरा द्यायचा, हिरवी खूण आली की पुढचं कोडं.

संगणक असा खेळत नाही. आपली पाळी असेल तेव्हा त्याला एक चांगली चाल पुरते. समोरच्याची पाळी आली की त्याच्या झाडून सगळ्या चालींवर तोड हवी. एक वाट जरी मोकळी राहिली, तरी मात नाहीच.

हे काम प्रचंड आहे. डावाच्या मध्यावर साधारण ३५ चाली शक्य असतात. तीन चालींची मात म्हणजे आपल्या तीन नि त्याच्या दोन, म्हणजे सव्वापाच कोटी फांद्या. पण शह दिला की उत्तरं मोजकीच उरतात. दोन्हीकडे दर पाळीला तीन-तीन चाली शक्य धरल्या तर फांद्या भरतात अवघ्या २४३! म्हणून बरेच प्रोग्रॅम शह आधी तपासतात. नेदरलंड्सच्या व्हिक्टर ॲलिस आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मांडलेली पद्धत तर जिथं सिद्ध करायचं सर्वांत कमी उरलंय, तीच फांदी आधी धरते. यातही मेख आहेच. नुसत्या शहांमागे धावलं तर शह न देता गुपचूप खेळलेली मारक चाल निसटते. स्टॉकफिशसारखं बलाढ्य इंजिनही वेळ वाचवायला फांद्या छाटतं आणि एखादी छोटी मात त्याला उशिरा दिसते.

पोरं इंजिनच्या पडद्यावरचे दोन आकडे एकाच मापाने मोजतात, ते तर मुळीच बरोबर नाही. ‘अधिक पाच’ हा अंदाज आहे. ‘चार चालींत मात’ हा हिशेब पुरा झाल्याचा दाखला आहे. पुढं तीच मात तीन चालींत सापडेल, पण खोटी ठरायची नाही. चितळाचा कॉल आला म्हणजे वाघ जवळ असावा. वाघ दिसला म्हणजे आहे. पर्यटकाला मी हा फरक रोज सांगतो.

शिबिरं घेणाऱ्यांना आणि आईबापांना एवढंच सांगणं आहे: पोराने पहिली चाल बरोबर सांगितली की लगेच शाबासकी देऊ नका. मोबाइल पालथा ठेवा, पट फिरवा आणि म्हणा, ‘आता तू वाचव.’ बचावाची प्रत्येक चाल त्याच्याच तोंडून येऊ द्या. दिवसाला दोन कोडी झाली तरी चालतील.