विश्लेषण : धक्क्यावरची मासळी मोजून समुद्रातली मासळी कळते का?

महाराष्ट्रात २०१९ मध्ये सागरी मासळीची आवक २.०१ लाख टनांवर आली. आदल्या वर्षी ती २.९५ लाख टन होती. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या, म्हणजे सीएमएफआरआयच्या नोंदींनुसार हा ४५ वर्षांतील नीचांक होता. समुद्रातली मासळी संपत आली, असा त्याचा अर्थ कुणीही काढेल. पण त्याच वर्षी अरबी समुद्रात ‘वायू’, ‘क्यार’ आणि ‘महा’ ही चक्रीवादळे आली आणि ऐन हंगामात नौका किनाऱ्याला बांधून ठेवाव्या लागल्या. तेव्हा मासे कमी झाले की मासेमारीचे दिवस कमी झाले? आवकेच्या एका आकड्यावरून हे सांगता येत नाही.

याची उलट बाजू अधिक घातक आहे. आवक टिकून राहते, धक्क्यावर लिलाव जोरात सुरू असतो आणि खाली समुद्र रिकामा होत जातो. मासेमारीचे नियम ज्या गणिती प्रारूपांवर ठरवले जातात, त्यांचा खरा कस इथे लागतो. महाराष्ट्रात पापलेट, बोंबील, सुरमई यांच्या साठ्यांचे अंदाज अधिक नेमके हवे असतील, तर धक्क्यावरच्या टोपल्या मोजणे पुरेसे नाही. त्या टोपल्या भरायला किती कष्ट, किती डिझेल आणि किती जाळे लागले, हेही मोजावे लागेल.

प्रारूप म्हणजे नेमके काय?

मत्स्यशास्त्रात एक जुनी तक्रार आहे : मासे मोजणे हे झाडे मोजण्यासारखेच आहे, फक्त ही झाडे दिसत नाहीत आणि जागेवर उभी राहत नाहीत. म्हणून मोजण्याऐवजी अंदाज बांधावा लागतो. त्याचे मूळ तत्त्व बँकेतल्या ठेवीसारखे आहे. साठा ही मुद्दल, नवी पिल्ले आणि माशांची वाढ हे व्याज. व्याजापुरतेच खाल्ले तर मुद्दल शाबूत राहते.

फरक एवढाच, की या ठेवीचा व्याजदर कायम नसतो. समजा, एखाद्या खाडीच्या तोंडाशी एका जातीचे जास्तीत जास्त १००० टन मासे मावतात. साठा ९०० टन असेल तर अन्न आणि जागा अपुरी पडते, वाढ मंदावते आणि वर्षाला जेमतेम ३६ टनांची भर पडते. साठा १०० टनांवर आला तर पिल्ले देणारे मासेच उरत नाहीत आणि भर पुन्हा ३६ टनच. मधोमध, म्हणजे ५०० टनांना ती सर्वाधिक, १०० टन असते. (हे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, दर जातीनुसार बदलतो.) या कमाल मर्यादेला कमाल शाश्वत उत्पादन म्हणतात. मिल्नर शेफर यांनी १९५४ मध्ये हे गणित मासेमारीसाठी मांडले. बेव्हर्टन आणि होल्ट या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये त्यापुढे जाऊन माशांचे वय, वाढ आणि मृत्यू यांचा हिशेब जोडला. आजची संगणकी प्रारूपे कितीही गुंतागुंतीची असली, तरी त्यांची मुळे तिथेच आहेत.

मुद्दलाचा अंदाज चुकला तर?

वरच्याच उदाहरणात शास्त्रज्ञांना वाटले की साठा ५०० टन आहे. त्यांनी दरवर्षी १०० टन मासे काढायला परवानगी दिली. प्रत्यक्षात साठा ३०० टन होता. पहिल्या वर्षी ८४ टनांची भर पडली आणि १०० टन काढले गेले. १६ टनांची तूट. एवढीशी तूट कुणाला जाणवणार? पण साठा घटला की भरही घटते आणि पुढची तूट मोठी होते. पाच वर्षांनी साठा १८५ टनांवर येतो, सात वर्षांनी ९५ टनांवर. आणि या सगळ्या काळात, सलग आठ वर्षे, धक्क्यावर दरवर्षी बरोबर १०० टन मासळी उतरत राहते. आवकेचा तक्ता सरळ रेषेत दिसतो. नवव्या वर्षी समुद्रात २९ टन उरलेले असतात.

आवकेच्या आकड्यात आदल्या दिवसापर्यंत धोक्याची खूण दिसत नाही. ती खूण कष्टाच्या हिशेबात असते. तेवढीच मासळी आणायला आधी दोन दिवस लागत असतील तर नंतर पाच लागतात, जाळे लांब होते, इंजिन मोठे होते. हा हिशेब कुणी ठेवलाच नसेल, तर गणित बरोबर असूनही उत्तर चुकते.

कॅनडात नेमके हेच घडले

न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर शतकानुशतके कॉड माशाची मासेमारी चालत आली. १९६८ मध्ये तिथे सुमारे ८ लाख टन कॉड पकडला गेला; त्यात परदेशी कारखानावजा जहाजांचा वाटा मोठा होता. १९७७ मध्ये कॅनडाने आपली हद्द २०० सागरी मैलांपर्यंत वाढवली आणि परदेशी जहाजांना बाहेर काढले. यापुढे साठा वाढेल, असा सर्वांचा विश्वास होता. उत्तम संस्था होत्या, उत्तम प्रारूपे होती.

घोळ झाला तो प्रारूपाला पुरवलेल्या माहितीत. साठ्याचा अंदाज बांधताना मोठ्या ट्रॉलर जहाजांच्या दर तासाच्या पकडीला बरेच महत्त्व दिले गेले. कॉड थवा करून राहणारा मासा आहे. संख्या घटली तरी तो दाटीने एकत्र राहतो. ट्रॉलरकडे थवा शोधणारी यंत्रे होती. त्यामुळे मासे कमी होत गेले तरी जहाजाची पकड कमी झाली नाही. किनाऱ्याजवळ लहान होड्यांतून, एका जागी जाळी लावून मासेमारी करणाऱ्यांच्या हाती मात्र ऐंशीच्या दशकातच कमी आणि लहान मासे येऊ लागले. त्यांनी ते ओरडून सांगितले. पण त्यांचे म्हणणे ‘आकडेवारी’ नव्हते!

शास्त्रज्ञांना चूक उमगली तेव्हा १९८९ साठी त्यांनी मर्यादा सव्वा लाख टनांवर आणण्याचा सल्ला दिला. सरकारने २ लाख ३५ हजार टनांना मंजुरी दिली, कारण इतकी कपात म्हणजे हजारोंचा रोजगार. तो रोजगार तीन वर्षांनी गेलाच. २ जुलै १९९२ रोजी मत्स्यमंत्री जॉन क्रॉस्बी यांनी कॉडच्या मासेमारीवर बंदी जाहीर केली आणि सुमारे ३० हजार लोकांचे काम एका दिवसात थांबले. बंदी दोन वर्षांसाठी होती. ती उठली २०२४ मध्ये, ३२ वर्षांनी, आणि तीही अवघ्या १८ हजार टनांच्या मर्यादेसह.

कोकण किनाऱ्यावर गणित का अवघड?

कॅनडाचे उदाहरण जसेच्या तसे इथे लागू होत नाही. थंड पाण्यातल्या माशाच्या कानातल्या खड्यावर झाडाच्या खोडासारखी वर्षावर्षाची वलये उमटतात; त्यावरून वय मोजता येते. आपल्या उष्ण पाण्यात ऋतूंचा फरक कमी असल्याने ही वलये बहुधा स्पष्ट नसतात. म्हणून इथे वयाऐवजी लांबी मोजतात. शेकडो मासे पट्टीवर ठेवायचे, कोणत्या लांबीचे किती सापडले याचा आलेख काढायचा आणि महिन्यामहिन्याने तो कसा सरकतो यावरून वाढीचा वेग ओळखायचा. डॅनियल पॉली यांच्या पुढाकाराने ऐंशीच्या दशकात विकसित झालेली ही पद्धत भारतात सर्रास वापरली जाते.

दुसरी अडचण म्हणजे आपले जाळे एकाच माशासाठी टाकलेले नसते. ट्रॉलरच्या एका ओढीत कोळंबी, माकूळ, ढोमा, मांदेली, बांगडा असे बरेच काही येते. डोलजाळ्यात बोंबलाबरोबर जवळा असतो आणि इतर माशांची पिल्लेही. अमुक जातीचे अमुक टन, अशी कॅनडासारखी मर्यादा इथे घालणे जवळपास अशक्य. म्हणून भारतात पकडीवर नव्हे, मासेमारीच्या जोरावर नियंत्रण ठेवले जाते : नौकांचे परवाने, जाळ्याच्या आसाचा आकार, १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची पावसाळी बंदी. एलईडी दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीवर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली, तीही याच प्रकारात मोडते.

समुद्राचा स्वतःचा लहरीपणा वेगळाच. केरळात २०१२ मध्ये सुमारे ३.९ लाख टन तारली उतरली होती. २०२१ मध्ये ती साडेतीन हजार टनांच्याही आत आली. इतक्या मोठ्या चढउताराचा दोष केवळ जाळ्यांना देता येत नाही. पाण्याचे तापमान आणि प्लवकांची उपलब्धता प्रारूपात धरली नाही, तर मच्छीमाराला नाहक आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते.

मग ९१ टक्के साठे निरोगी कसे?

सीएमएफआरआयच्या २०२२ च्या मूल्यांकनात देशभरातील १३५ साठे तपासले गेले आणि त्यातील ९१.१ टक्के निरोगी आढळले. हा निष्कर्ष दिलासा देणारा आहे आणि तो खोटा ठरवण्याचे कारण नाही. या संस्थेने अनेक दशके देशभरातील धक्क्यांवर ठरावीक दिवशी, निवडक नौकांची मासळी मोजून जी सलग आकडेवारी जमवली, तशी फार थोड्या उष्णकटिबंधीय देशांकडे आहे. पण या अंदाजाचा मुख्य पाया धक्क्यावरची आवक हाच आहे, हेही तितकेच खरे.

प्रश्न पडतो तो धक्क्यावर न दिसणाऱ्या गोष्टींचा. जागा वाचवण्यासाठी समुद्रातच फेकून दिलेली लहान मासळी कुठे नोंदली जाते? वीस वर्षांपूर्वीची एक ट्रॉलर आणि आजची एक ट्रॉलर कागदावर ‘एक नौका’च असते, पण आजच्या नौकेत मोठे इंजिन, जीपीएस, मासे शोधणारे यंत्र आणि जास्त दिवस पुरणारा बर्फ असतो. ती वीस वर्षांपूर्वीच्या कितीतरी नौकांचे काम करते. बेकायदा एलईडी लावून आणलेली मासळी नोंदीत ‘पर्ससीनची मासळी’ म्हणूनच येणार, कारण दिवे लावल्याचे सांगणार कोण? या तिन्ही गोष्टींमुळे समुद्र असतो त्यापेक्षा श्रीमंत दिसतो. कॅनडातही चूक याच दिशेची होती.

सातपाटीच्या वह्या

महाराष्ट्राने सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटला राज्य मासा घोषित केले. त्याच वर्षी ५४ प्रजातींसाठी पकडीची किमान लांबी ठरवण्यात आली. पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे. मासा एकदा तरी पिल्ले देईपर्यंत त्याला वाढू द्यावे, हा त्यामागचा हेतू. केरळने हे पाऊल २०१५ मध्येच उचलले होते. निर्णय योग्यच, पण मासा जाळ्यात मेल्यावर त्याची लांबी मोजून काय साधणार, हा मच्छीमारांचा सवालही रास्त आहे. लांबीचा नियम धक्क्यावर तपासला जातो. तो पाळला जातो की नाही, हे मात्र जाळ्याच्या आसावर ठरते.

इथे एक साधन हाताशी असून वाया जात आहे. पापलेटचा भाव आकारावर ठरतो. मोठा सरंगा, लहान कलेट, अशी वजनाप्रमाणे प्रतवारी होऊनच तो विकला जातो. सातपाटीसारख्या बंदरातील मच्छीमार सहकारी संस्थांच्या हिशेबाच्या वह्यांत कोणत्या वर्षी कोणत्या प्रतीचा किती माल आला, हे व्यवहाराची गरज म्हणूनच लिहिले जाते. शास्त्रज्ञ पट्टी घेऊन जे शोधतात, त्याच्या जवळ जाणारी ही माहिती आहे. मोठ्या प्रतीचा वाटा वर्षानुवर्षे घटत असेल, तर एकूण टन टिकून असले तरी साठा म्हातारे मासे गमावत आहे, हे त्यातून कळते. न्यूफाउंडलंडच्या लहान होडीवाल्यांकडे ओरडण्याखेरीज काही नव्हते. इथे तर लेखी नोंद आहे.

ती नोंद मिळवायची तर आधी विश्वास हवा. मच्छीमाराच्या दृष्टीने सरकारी माणसाला खरा आकडा सांगणे म्हणजे उद्याच्या निर्बंधाला आमंत्रण, आणि आजवरचा अनुभव पाहता त्याला दोष देता येत नाही. ६१ दिवसांच्या बंदीत लहान नौकेचा खलाशी घरी बसतो. दिवे लावून मासेमारी करणारा मोठा मालक पकडला गेला तर दंड भरतो आणि पुन्हा निघतो. प्रारूपाने कपात सुचवली तर ती आधी कुणावर पडणार, हे आधीच ठरवून लेखी दिले पाहिजे : आधी मोठी इंजिने, बेकायदा दिवे आणि बारीक आसाची जाळी, त्यानंतर बाकीचे. प्रत्येक जिल्ह्याच्या साठ्याचा अंदाज मराठीत, तो कोणत्या नोंदींवर बेतला आहे त्यासह, हंगामाआधी संस्थांपुढे ठेवता येईल. ज्या तांडेलाला तो पटणार नाही, त्याने का नाही ते सांगावे आणि तेही नोंदवले जावे. सीएमएफआरआयची मुंबईत शाखा आहे, भारतीय मत्स्य सर्वेक्षण या केंद्रीय संस्थेचे तर मुख्यालयच मुंबईत आहे आणि तिच्याकडे स्वतःची सर्वेक्षण जहाजे आहेत. बाजारासाठी नव्हे तर मोजणीसाठी, ठरलेल्या जागी, ठरलेल्या जाळ्याने केलेली पकड आणि सहकारी संस्थांच्या वह्या, हे दोन्ही आवकेच्या शेजारी ठेवले तर तिन्ही आकडे कुठे जुळतात आणि कुठे नाहीत, हे दिसू लागेल. जिथे जुळणार नाहीत, तिथल्या परवान्यांचा फेरविचार आवक कोसळण्याची वाट न पाहता करता येईल.