किल्ली विद्यार्थ्यांच्या हाती हवी

२२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोटा येथून 'पीएसएलव्ही-सी३४' हा प्रक्षेपक २० उपग्रह घेऊन झेपावला. त्यांत एक किलोहूनही कमी वजनाचा, जेमतेम १० सेंटिमीटर बाजूंचा 'स्वयम्' होता. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी तो घडविला होता. हौशी रेडिओचालकांचे संदेश पोहोचविणे हे त्याचे नियोजित कार्य. अवकाशात त्याची दिशा स्थिर राहावी म्हणून विद्यार्थ्यांनी चुंबकाचा आधार घेतला. होकायंत्राच्या सुईप्रमाणे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळवून घेणाऱ्या या योजनेला वीज लागत नाही. इवल्याशा उपग्रहात विजेचा प्रत्येक कण मोलाचा असतो, हे ज्याने स्वतः हिशेब मांडला त्यालाच उमगते.

या प्रकल्पाचा आरंभ २००८ सालचा. अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम मात्र चार वर्षांचा. ज्यांनी पहिली रेखाटने केली, त्यांचे विद्यार्थिदशेतील दिवस उड्डाणापूर्वीच संपले होते. तरीही काम थांबले नाही. थोरल्यांनी धाकट्यांना शिकविले आणि धाकट्यांनी अपुरे काम पुढे नेले. विद्यार्थ्यांनी स्वतः चालविलेल्या कार्यशाळेचे खरे सामर्थ्य या परंपरेत आहे.

दुसरे चित्र मात्र विषण्ण करणारे आहे. अंतिम वर्षाचा इलेक्ट्रॉनिक्स प्रकल्प अहवालासह बाजारात तयार मिळतो आणि तो विकत घेण्यात अनेकांना संकोच वाटत नाही. गुणपत्रिका सजते, पण हातात कौशल्य उतरत नाही. उलटा जोडलेला कपॅसिटर का फुटला, कच्च्या सोल्डरिंगमुळे परिपथ मधूनच का बंद पडतो, हे प्रश्न ज्याला कधी पडलेच नाहीत, त्याच्या पदवीचे मोल ते काय?

साधनांचा अभाव हे कारण आता पूर्वीइतके पटणारे नाही. 'अटल टिंकरिंग लॅब' योजनेत २०१६ पासून निवडक शाळांना २० लाख रुपयांपर्यंत अनुदान देण्याची तरतूद करण्यात आली. सरकारी शाळांमध्ये पाच वर्षांत अशा आणखी ५० हजार प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा २०२५च्या अर्थसंकल्पात झाली. परंतु उपकरणे पाहुण्यांना दाखविण्यापुरतीच राहिली आणि कपाट एरवी कुलूपबंद असले, तर त्या अनुदानाचा उपयोग काय?

मुलांच्या हाती दिल्यास साहित्य बिघडेल, अपघात होईल, ही शिक्षकांची भीती अनाठायी नाही. २३० व्होल्टच्या विजेशी खेळ नकोच; ते काम शिक्षकांच्या देखरेखीखालीच व्हावे. पण पाच-बारा व्होल्टच्या बॅटरीवर, चष्मा घालून आणि नियम पाळून, बहुतेक सारे प्रयोग होऊ शकतात. साहित्याची नोंदवही, खर्चाचा हिशेब, नवागतांचे प्रशिक्षण ही जबाबदारी विद्यार्थ्यांवर सोपवावी. जबाबदारी आली की शिस्त आपोआप येते. शिक्षकाने मार्गदर्शक व्हावे, पहारेकरी नव्हे. जळालेला भाग काही रुपयांत पुन्हा मिळतो. विझलेले कुतूहल कोणत्याही बाजारात मिळत नाही.

घरातील बंद पडलेला रेडिओ उघडणाऱ्या मुलाला रागावण्याआधी आपण क्षणभर थांबतो का, हा प्रश्न प्रत्येक पालकाने स्वतःला विचारावा. स्वावलंबन हे भाषणांतून रुजत नाही. ते चुकण्याची मुभा असलेल्या कार्यशाळेत, मुलांच्या स्वतःच्या हातांनी घडते. त्या कार्यशाळेची किल्ली त्यांच्या स्वाधीन करण्याइतका विश्वास समाजाने दाखविला पाहिजे.